दुसरी पलटण आहे, मग पहिली कुठे गेली?

रानवाटा
गेल्या उन्हाळ्यात कॉर्सिका बेटावर आठ दिवस होतो. वायव्येला काल्वी नावाचं गाव आहे. वर किल्ला, खाली बंदर, आणि गावाबाहेर काही किलोमीटरवर फ्रेंच फॉरिन लिजनची, म्हणजे परदेशी शिपायांच्या फ्रेंच फौजेची छावणी. संध्याकाळी हिरवी बेरे टोपी घातलेले सैनिक बंदरावर फिरताना दिसतात. ही 'दुसरी परकीय छत्रीधारी रेजिमेंट', लिजनची विमानातून उड्या मारणारी पलटण. आमच्या खानावळीच्या मालकीणबाईंना मी सहज विचारलं, ही दुसरी, मग पहिली कुठे असते? बाईंनी ताट उचलता उचलता एवढंच म्हटलं, "एकसष्ट साली गेली."

परत आल्यावर वाचत बसलो. या पहिल्या पलटणीला तीनदा मरण आलं. १९४८ साली, तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात असलेल्या अल्जीरियात सिदी बेल अब्बेसजवळ बटालियन म्हणून ती उभी राहिली आणि त्याच वर्षी तिची व्हिएतनामला रवानगी झाली. १९५० च्या ऑक्टोबरात चीनच्या सरहद्दीलगतच्या चार नंबरच्या रस्त्यावर ती जवळजवळ संपली आणि लष्कराच्या यादीतून नाव काढलं गेलं. १९५१ साली पुन्हा उभी केली. १९५४ साली व्हिएतनाममधल्याच दिएन बिएन फूच्या वेढ्यात पुन्हा संपली, पुन्हा उभी केली. १९५५ साली बटालियनची रेजिमेंट झाली. तिसऱ्या वेळी मात्र शत्रूनं नव्हे, फ्रान्सच्याच सरकारनं तिला मारलं. एप्रिल १९६१ मध्ये अल्जीयर्समध्ये चार सेनानींनी अल्जीरियाला स्वयंनिर्णय देऊ पाहणाऱ्या राष्ट्राध्यक्ष द गॉलविरुद्ध बंड केलं, त्यात ही पलटण पुढे होती. ३० एप्रिलला ती बरखास्त झाली आणि तो क्रमांक आजतागायत रिकामा आहे.

माझा प्रश्न असा. अधिकाऱ्यांनी बंड केलं, त्यांना शिक्षा झाली, ठीक. पण पलटणीचं नाव कायमचं पुसणं योग्य होतं का? लिजनमधला साधा शिपाई जर्मन, स्पॅनिश, इटालियन. त्याला द गॉल काय नि अल्जीरिया काय!

कोल्हापुरी_रस्सा
पहिला! आता धागा वाचतो.

अबोली
चार नंबरच्या रस्त्यावर काय झालं ते सविस्तर लिहा ना. 'संपली' म्हणजे किती संपली?

रानवाटा
@अबोली, काओ बांग ते लांग सोन हा डोंगरातला रस्ता. दोन्ही बाजूंना चुनखडीचे सुळके आणि दाट जंगल. सप्टेंबर १९५० मध्ये व्हिएतमिन्हनं, म्हणजे फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्या व्हिएतनामी कम्युनिस्ट फौजेनं, मधलं दाँग खे ठाणं घेतलं आणि काओ बांगची शिबंदी अडकली. मग दोन तुकड्या निघाल्या, काओ बांगहून शार्तोनची आणि थात खेहून लपाजची. दोघांनी मध्ये भेटायचं होतं. लिजनची ही बटालियन थात खेला विमानातून उतरवून लपाजच्या हाताखाली दिली होती. पुढे लपाजची तुकडी कोक सा नावाच्या घळीत कोंडली गेली. बाहेर पडायची वाट बटालियननं रात्रीच्या अंधारात, दोर-वेली धरून, कड्यावरून उतरत काढली, आणि त्यातच तिचा कणा मोडला. सेनापती सेग्रेताँ जखमी होऊन मेला. थात खेपर्यंत मूठभर लोक पोचले, त्यांना घेऊन आलेला कॅप्टन झाँपिएर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चिंतामणी_के
छान धागा. एक शंका. या काळातले लिजनवाले म्हणजे हिटलरचे उरलेसुरले एसएसवाले (नाझींच्या खास फौजेतले), असं कॉलेजात असताना ऐकलं होतं. खरं का?

मोडीलिपी
@चिंतामणी_के, अर्धवट खरं आणि बरंचसं मीठमसाला लावलेलं. इंडोचायनात, म्हणजे व्हिएतनामच्या त्या युद्धात, लिजनमध्ये जर्मन भरपूर होते हे नक्की. पण त्यातले बरेच महायुद्ध संपलं तेव्हा पोरसवदा होते. घरदार उद्ध्वस्त, काम नाही, म्हणून आलेले. एसएसवाल्यांच्या डाव्या काखेत रक्तगट गोंदलेला असायचा, भरतीच्या वेळी काख तपासत. काही निसटून आत आले, पण अख्खी पलटण एसएसची वगैरे काही नाही.

उलट गंमत बघा. झाँपिएर फ्रेंच प्रतिकार चळवळीतला, माउटहाउझनच्या छळछावणीत राहून आलेला. बंडाच्या वेळी पलटण ज्याच्या हाती होती तो एली द सँ मार्क बुखेनवाल्डच्या छावणीतून वाचलेला. या दोघांच्या हाताखाली जर्मन शिपाई. रात्री शेकोटीभोवती काय बोलत असतील हे लोक?

तात्पुरता_आयडी
काही बोलत नसतील. लिजनमध्ये मागचं विचारायचं नाही असा रिवाज आहे. आमच्या ऑफिसात हा लागू झाला तर निम्मं ऑफिस ओस पडेल.

फौजी_पाव्हणं
रामराम मंडळी. सातारकडचा गडी हाय, घरात तीन पिढ्या फौज. माझं थोरलं काका २ पॅरा (मराठा) मधनं सुभेदार म्हणून निवृत्त झालं. आता कुणी म्हणंल त्याचा हितं काय संबंध. तर पलटणीच्या नावाचा संबंध हाय. ही २ पॅरा म्हंजी मूळची आपली तिसरी मराठा लाइट इन्फंट्री. १९५२ ला पॅराशूट रेजिमेंट बनली तवा १ पंजाब, ३ मराठा आन् १ कुमाऊँ उचलून तिकडं घातल्या. नाव बदललं, पर कंसात 'मराठा' ऱ्हायलं. काका सांगायचं, कंसातल्या त्या एका शब्दासाठी लोकं जीव टाकायची.

११ डिसेंबर ७१ ला टांगाईलला उडी मारली ती हीच पलटण. काका त्यात हुतं. पुंगलीचा पूल धरायचा हुता. काका म्हणायचं, उडी मारायच्या आधी प्वाटात गोळा येतो तो दरवाज्यात हुबं ऱ्हाईस्तोवर. एकदा बाहेर फेकला की मग नुसता वारा. आग्र्याला पयल्या उडीच्या वक्ताला त्यांनी डोळं मिटून घेतलं हुतं आन् खाली आल्यावर इन्स्ट्रक्टरला सांगितलं, "साहेब, ताजमहाल लई भारी दिसला." साहेब म्हणालं, ताजमहाल तुज्या पाठीमागं हुता!

मुंबईकरीण
@फौजी_पाव्हणं, हाहाहा! काकांना साष्टांग नमस्कार सांगा.

कोल्हापुरी_रस्सा
वाचला धागा. एक समजलं नाही. दिएन बिएन फूला उडी मारून गेले ते ठीक, पण वेढा पडल्यावरही वरून माणसं टाकत होते? बुडत्या होडीत माणसं चढवण्यातलाच प्रकार की हा.

रानवाटा
@कोल्हापुरी_रस्सा, अगदी तसंच. आपली ही बटालियन सुरुवातीलाच, २१ नोव्हेंबर १९५३ ला उतरली होती. लिजनची दुसरी छत्री बटालियन, म्हणजे आजच्या काल्वीवाल्यांचे पूर्वज, १९५४ च्या एप्रिलात वेढ्याच्या आत टाकली गेली. २३ एप्रिलला तिनं उगेत-१ हे ठाणं परत घ्यायचा हल्ला केला, तो फसला. इतके लोक पडले की दोन्ही बटालियन मिळून एकच बनवावी लागली. थोडक्यात, पहिली आणि दुसरी यांचं रक्त तिथेच एकत्र झालंय. शेवटी शेवटी तर आयुष्यात एकदाही पॅराशूट न बांधलेले शेकडो स्वयंसेवक रात्री विमानातून उडी मारून आले.

अबोली
ठाण्यांना बायकांची नावं होती ना? उगेत, बेआत्रीस, गाब्रिएल, एलियान, इझाबेल... ती म्हणे तिथल्या फ्रेंच सेनापतीच्या मैत्रिणींची.

मोडीलिपी
ही दंतकथा फार गाजली, तो सेनापती द कास्त्री, त्याचा लौकिकही तिला पोषक होता. पण ॲन-मारी, बेआत्रीस, क्लोदीन, दोमिनिक, एलियान... अक्षरं लावून बघा. ए, बी, सी, डी, ई. मैत्रिणी इतक्या शिस्तीत आद्याक्षरांच्या क्रमानं मिळत असतील तर मानलं बुवा.

तात्पुरता_आयडी
फ्रेंच आहेत, काही सांगता येत नाही.

पळसफुले
मी २०१७ मध्ये दिएन बिएन फूला जाऊन आले आहे. हनोईहून विमानानं एक तास. सपाट खोरं, चहूबाजूंनी डोंगर, भातशेती. बघताक्षणी वाटतं, कुणी शहाणा माणूस तळाशी जाऊन कसा बसला? एलियान-२ ला व्हिएतनामी लोक ए-१ टेकडी म्हणतात. माथ्यावर मोठा खड्डा आहे. ६ मेच्या रात्री खालून भुयार खणून जवळपास टनभर स्फोटकं उडवली, त्याचा. मी गेले तेव्हा कडेला गवत वाढलं होतं आणि शाळेची सहल आली होती. पोरं खड्ड्याभोवती पकडापकडी खेळत होती आणि बाई ओरडत होत्या. दुसऱ्या दिवशी ७ मेला सगळं संपलं. दहा हजारांवर कैदी झाले, त्यातले सुमारे एक तृतीयांशच जिवंत परतले.

अवांतर: माझे आजोबा हे युद्ध थांबवणाऱ्या जिनिव्हा करारानंतरच्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगात कारकून म्हणून हनोईला होते. त्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत पोलंड आणि कॅनडा. आजोबांना युद्धाबद्दल विचारलं की ते तिथल्या डासांबद्दल बोलायचे.

चिंतामणी_के
आता मूळ मुद्द्यावर येऊ या का? धागाकर्ते शिपायांची बाजू घेताहेत, पण अल्जीयर्समध्ये या पलटणीनं काय केलं ते सोयीस्करपणे गाळलंय. १९५७ च्या जानेवारीत जनरल मासूच्या दहाव्या छत्री डिव्हिजनला शहराचे पोलिसी अधिकार दिले गेले. या रेजिमेंटनं कसबा या शहराच्या जुन्या अरब वस्तीत काय धुमाकूळ घातला तो जगजाहीर आहे. विजेचे झटके, पाण्यात बुडवणं, रात्री उचललेली माणसं सकाळी 'पळून गेली' म्हणून नोंदवणं. मोरिस ओदाँ हा पंचविशीतला गणितज्ञ छत्रीवाल्यांनी उचलला, पुन्हा दिसला नाही. राष्ट्राची जबाबदारी मान्य करायला २०१८ साल उजाडलं. पुढे उजव्या राजकारणात गाजलेले ज्याँ-मारी ल पेन तेव्हा याच रेजिमेंटमध्ये लेफ्टनंट होते. अशा पलटणीच्या नावासाठी मला रडू येत नाही.

रानवाटा
@चिंतामणी_के, गाळलं नव्हतं हो, लिहिणार होतो. बरं झालं तुम्ही लिहिलंत. ८ ऑक्टोबर १९५७ ला अली ला प्वांत या अल्जीरियन बंडखोराला याच पलटणीनं कसब्यात घेरलं. भिंतीआडच्या लपणात तो, हसीबा बेन बुअली ही तरुणी आणि बारा-तेरा वर्षांचा ओमर होते, आणखी एक साथीदारही. शरण येईनात म्हणून सुरुंग लावला. घर कोसळलं, शेजारपाजारची माणसं आणि लेकरंही गेली. त्याआधी दोन आठवडे बंडखोरांचा म्होरक्या यासेफ सादीला पकडताना त्यानं टाकलेल्या हातबॉम्बनं झाँपिएर जखमी झाला होता. हाच झाँपिएर पुढे २९ मे १९५८ ला गेल्माजवळच्या डोंगरात, हेलिकॉप्टरमधून लढाई चालवत असताना गोळ्यांनी यंत्र निकामी होऊन मेला. बिनतारीवर त्याची खूण 'सूर्य' अशी होती. त्या दिवशी रेडिओवर निरोप गेला, "सूर्य मेला."

सह्यकडा
छळाला 'नाही' म्हणणारेही होते हे विसरू नका. जनरल द बोलार्दियेर, स्वतः छत्रीवाला, इंडोचायनात लढलेला. त्यानं १९५७ मध्ये या पद्धतींचा जाहीर निषेध केला आणि साठ दिवसांची किल्ल्यातली कैद भोगली. त्यामुळे 'हुकूम होता, काय करणार' हे कारण मला तरी पटत नाही.

मुंबईकरीण
पॉपकॉर्न घेऊन बसले होते, आता ठेवून दिले बाजूला. बंडाचं सांगा कुणी तरी.

मोडीलिपी
सांगतो. जानेवारी १९६१ च्या सार्वमतात फ्रान्सनं मोठ्या बहुमतानं अल्जीरियाच्या स्वयंनिर्णयाला कौल दिला. शाल, झूओ, झेलेर हे तिघे आणि नंतर येऊन मिळालेला सालाँ हे बंडाचे सेनानी. रेजिमेंटचा प्रमुख रजेवर होता, म्हणून सूत्रं मेजर सँ मार्ककडे. शालनं त्याला विचारलं, तो तयार झाला. २१ एप्रिलच्या रात्री झेराल्दाच्या छावणीतून ट्रक निघाले. सरसेनापती गांबिएज स्वतः रस्त्यावर येऊन ताफा अडवायला गेला, तर त्यालाच बाजूला सारून पुढे कैद केलं. पहाटेपर्यंत अल्जीयर्स हातात.

मग २३ तारखेला द गॉल गणवेशात टीव्हीवर आला. सक्तीच्या भरतीतली तरुण पोरं छावण्यांत ट्रान्झिस्टर कानाला लावून बसली होती. त्यांनी भाषण ऐकलं आणि वरिष्ठांचं ऐकणं बंद केलं. चार-पाच दिवसांत बंड आटोपलं. पलटणीनं रेडिओ स्टेशन ताब्यात घेतलं होतं, पण पोरांच्या खिशातले रेडिओ कुणाला घेता आले नाहीत.

झेराल्दातून ट्रकमधून नेलं जात असताना शिपाई एदिथ पियाफचं त्या वेळी गाजत असलेलं, पस्तावा नसल्याचं गाणं म्हणत गेले. आणि तारीख पाहा. ३० एप्रिल हा लिजनचा सर्वांत पवित्र दिवस. १८६३ साली याच दिवशी मेक्सिकोत कामेरोन इथे कॅप्टन दांजू आणि पासष्टेक लोक हजारोंशी लढून संपले. दांजूचा लाकडी हात आजही मुख्यालयात दर ३० एप्रिलला मिरवतात. त्याच दिवशी ही पलटण कागदावरून गेली.

चिंतामणी_के
सँ मार्कला फार नायक करू नका.

पळसफुले
नायक नाही, पण त्याच्या खटल्यातला एक भाग मला विसरता येत नाही. १९५० च्या सुमाराला तो चीनच्या सरहद्दीजवळ तालुंग नावाच्या खेड्यात होता. गावकऱ्यांना हाताशी धरून ठाणं चालवत होता. एके दिवशी हुकूम आला, सगळं सोडून निघा. गावकरी ट्रकच्या कडांना धरून वर चढायला बघत होते आणि सैनिक बंदुकीच्या दस्त्यांनी त्यांची बोटं ठेचत होते. मागे राहिलेल्यांचं पुढे काय होणार हे सगळ्यांना माहीत होतं. न्यायालयात त्यानं हेच सांगितलं, अल्जीरियात पुन्हा तेच करायला लावलं जाणार होतं म्हणून. दहा वर्षांची शिक्षा झाली, १९६६ च्या नाताळात सुटला. त्याची भीती खोटी नव्हती. १९६२ मध्ये फ्रेंचांसाठी लढलेल्या अल्जीरियन हार्कींना फ्रान्सनं बहुतांशी वाऱ्यावर सोडलं आणि त्यांच्या कत्तली झाल्या. पण ज्या हातांची बोटं ठेचली गेली ते आठवणाऱ्याला कसब्यातले हात कसे दिसले नाहीत, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

सह्यकडा
@पळसफुले, हा प्रतिसाद जपून ठेवतो.

तात्पुरता_आयडी
गंभीर झालो सगळे. कुणी सांगेल का, लिजनमध्ये आपल्याला जाता येतं का? भाच्याला नोकरी मिळत नाहीये.

लियोंकर
@तात्पुरता_आयडी, फ्रान्समध्येच राहतो म्हणून सांगतो. साडेसतरा ते साडेएकोणचाळीस वय, पहिला करार पाच वर्षांचा, भरतीसाठी स्वतःच्या खर्चानं फ्रान्सच्या दारात हजर व्हायचं. भाचा सकाळी किती वाजता उठतो?

तात्पुरता_आयडी
अकरा. विषय संपला.

लियोंकर
मूळ प्रश्नाकडे परत. धागाकर्त्यांनी एक गोष्ट लिहिली नाही, ती महत्त्वाची आहे. बंडात दुसरी रेजिमेंटही गेली होती! तिचा उपप्रमुख काबिरो पलटण घेऊन अल्जीयर्सला आला. तरी दुसरी वाचली. बरखास्त झाल्या त्या पहिली आणि तिच्याबरोबर १४ आणि १८ क्रमांकाच्या छत्री रेजिमेंट, ज्या लिजनच्या नव्हत्याच. म्हणजे गुन्हा मोजून शिक्षा झाली असं नाही, जो पुढे दिसला त्याचं नाव गेलं. दुसरीही गेली असती तर १९७८ ला कोल्वेझीला कोण उतरलं असतं? झैरमध्ये (आजच्या काँगोत) बंडखोरांनी शहर धरलं होतं, आत दोन हजारांवर युरोपीय अडकलेले. १९ मेला कर्नल एरुलँची ही पलटण किन्शासाहून उडाली. पॅराशूट झैरच्या कोठारातले अमेरिकन, त्यांच्या कड्या फ्रेंच सामानाच्या पिशव्यांना बसेनात. मग तारांनी बांधल्या आणि तशाच उड्या मारल्या. पाच मेले, शहर सुटलं.

चिंतामणी_के
एरुलँवरही अल्जीयर्समधल्या छळाचे आरोप होते, तेही लिहा.

लियोंकर
हो, होते. नाकारत नाही.

अबोली
मला वाटतं धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं उत्तर असं की नाव पुसलंच गेलं नाही. काल्वीच्या छावणीच्या फाटकावर 'दुसरी' लिहिलेलं आहे तोवर प्रत्येक पर्यटक विचारणारच, पहिली कुठे.

लियोंकर
आणि रस्त्यांवरही भांडण चालू आहे. दक्षिणेत बेझिए गावात '१९ मार्च १९६२' नावाचा रस्ता होता, म्हणजे अल्जीरियातल्या युद्धबंदीची तारीख. २०१५ मध्ये महापौरानं तो बदलून सँ मार्कचं नाव दिलं. एका बाजूनं जयघोष, दुसऱ्या बाजूनं मोर्चा.

मुंबईकरीण
रस्त्यांच्या नावांवरून भांडणारे फक्त आपणच नाही, हे वाचून बरं वाटलं.

फौजी_पाव्हणं
काल रातीला काकांस्नी फोन लावला, हा सगळा धागा वाचून दाखवला. अर्धा तास गप ऱ्हायलं, मधी खोकलं फक्त. मग म्हणालं, ६१ साली डिसेंबरात त्येंच्या पलटणीला गोव्यात जायचा हुकूम झाला. छत्रीवाली पलटण, पर पायी आन् गाडीनं, फोंड्याच्या वाटंनं. काका तवा भरती झालं नव्हतं, ह्ये जुन्या उस्तादांकडनं ऐकल्यालं. उस्ताद म्हणायचं, हुकूम आला की निघायचं, न्हाय आला की बसायचं, पलटण आपल्या बापाची न्हाय.

मी इचारलं, मंग काका, त्या फ्रेंच पलटणीचं नाव काढलं ते बरोबर का चूक? तर म्हणालं, "नाव काढणाऱ्यानं काढलं. शिपायांस्नी पेन्शन दिली का ते इचार त्या पोराला."

रानवाटा
@फौजी_पाव्हणं, काकांना सांगा, शिपायांना लिजनच्या इतर रेजिमेंटांत वाटून टाकलं होतं, नोकरी तुटली नाही.

फौजी_पाव्हणं
सांगितलं. म्हणालं, "मंग ठीक हाय." आन् फोन ठेवला.